कारणाशिवाय पैज नाही

आमच्या दुकानात पैज लावायची तर आधी कारण सांगावं लागायचं.

हा नियम कंपनीचा नव्हता. गिऱ्हाइकाने चिठ्ठी भरावी, पैसे द्यावेत आणि शक्यतो हरावं, एवढीच कंपनीची अपेक्षा. नियम आमच्या मॅनेजरचा. काचेखालच्या फटीतून चिठ्ठी आत सरकली की ते कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचे, घोड्याचं नाव मोठ्याने वाचायचे आणि समोरच्याकडे बघून एकच शब्द विचारायचे. "व्हाय?"

कारण कसलंही चालायचं. डेनिस नावाचा एक आयरिश म्हातारा रोज यायचा, जन्मभर लोकांच्या छपरांवर चढून गुडघे गेलेला. त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असायचं, की जॉकी त्याच्या आईच्या गावचा आहे. त्याच्या आईचं गाव फार मोठं असावं. एक रिटायर्ड जमैकन बस ड्रायव्हर घोड्याचे कान बघायचा. शर्यतीआधी घोडे फिरवताना टीव्हीवर दाखवतात, तेव्हा ज्याचे कान पुढे तो त्याचा. एक आजीबाई पेन्शनच्या दिवशी यायच्या आणि फक्त करड्या घोड्यांवर लावायच्या, कारण करडा घोडा चष्म्याशिवाय ओळखू येतो. ही सगळी कारणं ते गंभीरपणे ऐकायचे, मान हलवायचे आणि पैज घ्यायचे. हसायचे नाहीत, सल्लाही द्यायचे नाहीत.

एकच कारण त्यांना चालत नसे. सकाळपासूनचे गेलेत ते परत आणायचेत, असं कोणी म्हणालं की चिठ्ठी आली तशी बाहेर. हे कारण नाही, हे दुखणं आहे, असं सांगायचे, आणि वर, घरी जा, चहा घे, उद्या ये. माणसं चिडायची, काचेवर थापा मारायची, रस्त्यापलीकडच्या दुकानात जायची. दुसऱ्या दिवशी परत यायची. खिडकीशी वाकून हळू आवाजात कारण सांगायचं, म्हणून डेनिसने त्यांचं नाव फादर ठेवलं होतं. चर्चमध्ये पाद्र्यापुढे पापं कबूल करतात, त्या कन्फेशनसारखंच ते दिसायचं. पुढे सगळेच त्यांना फादर म्हणायला लागले. मी काका म्हणायचे, कारण ते मूळचे सांगलीकडचे होते आणि माझ्याशी मराठीत बोलायचे.

मी तिथे कशी पोचले ते सांगून टाकते. नवऱ्याला इंग्लंडात ब्रॅकनेलला नोकरी लागली आणि आम्ही लंडनच्या कडेला हॅरोत भाड्याने घर घेतलं. त्याला रोजच्या लांबच्या गाडीचा त्रास, पण मुलांची शाळा चांगली आणि कोथिंबीर चालत जाऊन आणता येते. मी ठाण्याला सहकारी बँकेत कॅशियर होते. इथल्या बँकांना त्याचं काही वाटलं नाही. एक दिवस शाळेतून येताना बेटिंग शॉपच्या दारावर माणूस पाहिजे असल्याची पाटी दिसली. मी आत गेले.

मुलाखत काकांनीच घेतली. पैज लावता का, विचारलं. नाही म्हटलं. नवरा? नाही. मग इथेच का? मी म्हटलं, घर जवळ आहे आणि शाळा सुटायच्या आत मला सुटता येईल. "हे कारण आहे," म्हणाले, आणि सोमवारपासून या म्हणाले.

मराठी मंडळात मी कॅश हँडलिंगमध्ये आहे असं सांगायचे. एकीने विचारलं, म्हणजे बँकेतच ना? मी म्हटलं, तसंच, फक्त इथे लोक पैसे काढायला क्वचित येतात. पुढे तिचाच नवरा एकदा दुकानात आला. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं. गणपतीच्या आरतीला आम्ही शेजारी उभे होतो, पण कोणीच विषय काढला नाही.

काकांची वेशभूषा अशी. कंपनीने सगळ्यांना लाल टीशर्ट दिला होता. काका त्याच्या कॉलरखाली टाय बांधायचे. एरिया मॅनेजरने हटकलं, तर म्हणाले, कॉलर दिलीय म्हणजे टायची जागा दिलीय. तरुणपणी ते बर्मिंगहॅमला एका कारखान्यात लेथवर होते. कारखाना बंद पडला तेव्हा बायकोच्या नात्यातल्या कोणाच्या तरी आधाराने हॅरोला आले. हे दुकान तेव्हा एका म्हाताऱ्या इंग्रज माणसाच्या मालकीचं होतं. त्याने यांना हिशेबाला ठेवलं. पुढे त्याने दुकान कंपनीला विकलं, आणि भिंतीवरचं घड्याळ, लाकडी बाकं आणि काका हे दुकानाबरोबर कंपनीकडे गेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही ते दुकानावरून एक चक्कर मारायचे, आणि आत न येता काचेतून घड्याळ बरोबर आहे ना ते बघून जायचे.

स्वतः त्यांनी आयुष्यात पैज लावली नव्हती. लॉटरीचं तिकीटसुद्धा नाही. मी एकदा विचारलं, इतकी वर्षं बघताय, एकदाही वाटलं नाही? तर म्हणाले, "ताई, आपण पंच आहोत. पंच बॅट हातात घेत नाही." यातूनच त्यांचा दुसरा नियम निघाला होता. काचेच्या आतल्या माणसाने ओरडायचं नाही. शर्यत कितीही रंगली, समोरच्याचा घोडा जिंकायला आला, तरी आपण गप्प. एकदा माझ्या तोंडून "अरे!" एवढंच निघालं, तर त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं की मला शाळेतल्या बाईच आठवल्या.

दुपारी ते डबा खायचे. थंड थालीपीठ आणि लसणाची चटणी. त्या वेळात काचेकडे पाठ, मग बाहेर कोणीही उभं राहो. डेनिसला एकदा चटणी चाखायची होती. काकांनी कारण विचारलं. वास चांगला आहे, म्हणाला. काकांनी फटीतून चमचाभर दिली. त्यानंतर दोन शर्यती डेनिस बोलला नाही.

मी लागले तेव्हा दुकान कसं होतं ते सांगायला हवं. धुरकट, कळकट, कार्पेटला सिगारेटने पडलेली भोकं. पण शर्यत शेवटच्या वळणाला आली की सगळे उभे राहायचे. रंगारी, ड्रायव्हर, हॉटेलातले आचारी, सगळे एका टीव्हीकडे तोंड करून आपापल्या घोड्याला हाका मारायचे आणि दुसऱ्याच्या घोड्याला नावं ठेवायचे. संपलं की चिठ्ठ्यांचे बोळे जमिनीवर. सफाईला बाई यायची, तरी काका अधूनमधून स्वतः झाडू घेऊन बाहेर जायचे. बोळे लोटता लोटता कोणाची आई आजारी आहे, कोणाच्या घरी काय चाललंय, ते सगळं त्यांच्या कानावर पडायचं. माणसं तिथे फक्त पैसे घालवायला येत नव्हती, हे मला त्यांच्या झाडण्यावरून कळलं.

मग एकेक करून गोष्टी बदलल्या. आधी सिगारेट बंद झाली. ते चांगलंच झालं, घरी पोचल्यावर माझ्या कपड्यांना वास येईनासा झाला. पण डेनिससारखे लोक पावसात बाहेर उभे राहून सिगारेट ओढायचे आणि शर्यत चुकवायचे. मग मशीन आली. रुलेटची. पडद्यावर चक्र फिरतं, आकड्यावर पैसे लावायचे, काही सेकंदांत निकाल, की लगेच पुढचा डाव. आधी दोन आली, मग चार. त्यांना जागा हवी म्हणून लाकडी बाकं गेली आणि वर्तमानपत्रांचं टेबल गेलं. घोड्यांना दोन शर्यतींमध्ये दम खायला वेळ लागतो. तेवढ्यात माणूस दोन गप्पा मारतो, शांत होतो. मशीनला दम लागत नव्हता.

काकांना सगळ्यात खटकली ती दुसरी गोष्ट. मशीन भिंतीकडे तोंड करून होती. त्यामुळे खेळणाऱ्यांच्या पाठी तेवढ्या दिसायच्या. "यांना मी ओळखू कसं," म्हणायचे. आम्ही त्यांना जाकिटांवरून ओळखायला लागलो. आणि मशीन कोणालाही का म्हणून विचारत नव्हती.

कंपनीचं म्हणणं, खरा धंदा आता तिथे आहे. तेव्हा मशीनवरच्या गिऱ्हाइकाला त्रास द्यायचा नाही, उलट जागेवर चहा-बिस्किट नेऊन द्यायचं. हा हुकूम आला तेव्हा मला वाटलं काका भांडतील. ते म्हणाले, उत्तम. आणि चहा घेऊन गेले. कप मशीनच्या कडेवर ठेवायचा, शेजारी उभं राहायचं, पडद्याकडे बघायचं आणि विचारायचं, "सतरा? व्हाय?" माणूस दचकायचा. कोणी म्हणायचा, असंच. कोणी म्हणायचा, वाढदिवस. वाढदिवसवाल्याला काका शुभेच्छा देऊन परत यायचे. असंच म्हणणाऱ्यापाशी चहा संपेपर्यंत उभे राहायचे. चहा गरम असायचा.

एक मशीनवाला आपला निघाला. पस्तिशीचा असेल, पाठीवर कंपनीची लॅपटॉपची बॅग, गळ्यात ब्रॅकनेलच्या कुठल्याशा ऑफिसचं ओळखपत्र. कामाच्या दिवशी भर दुपारी यायचा. आम्ही त्याला ब्रॅकनेलवाला म्हणायचो. एकदा काका चहा घेऊन मागे पोचले तेव्हा तो फोनवर बायकोशी मराठीत बोलत होता. हो, ऑफिसमध्येच आहे, मीटिंगला जातोय, मग करतो. फोन ठेवला तसा काकांनी कप ठेवला.

"काय रे, मीटिंग कशी चाललीय?"

तो इतका पांढरा पडला की मला काचेमागून दिसलं. मग इंग्रजीत म्हणाला, प्लीज लीव्ह मी अलोन. काका म्हणाले, जातो, पण हा बत्तीस का, तेवढं सांग.  दोन दिवसांनी हेड ऑफिसला तक्रार गेली.

एरिया मॅनेजर आली. माझ्याहून लहान, कामाला चोख, वाईट मुळीच नव्हती. तिने काकांना मागच्या खोलीत बसवून सांगितलं, की मशीनच्या गिऱ्हाइकाला पुन्हा काही विचारलंत, किंवा कामाच्या वेळेत नियम सोडून काही केलंत, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. मी तिथेच कपाटात स्टेशनरी लावत होते. काका हो म्हणाले. ती गेल्यावर बराच वेळ टायची गाठ सैल-घट्ट करत बसले. मी म्हटलं, काका, आता जपून. घरी बसून काय करणार तुम्ही?

"तेच तर," म्हणाले.

त्यानंतर चहा मी न्यायला लागले. ब्रॅकनेलवाला येतच राहिला. गळ्यातलं ओळखपत्र एक दिवस दिसेनासं झालं, बॅग मात्र होती. मंदीचे दिवस होते, कंत्राटं धडाधड संपत होती. आम्ही दोघांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

ग्रँड नॅशनल या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीचा शनिवार म्हणजे आमची दिवाळी. वर्षभर पैजेचं नाव न काढणारी माणसं त्या दिवशी पोराबाळांसकट येतात, जॉकीच्या शर्टाचा रंग बघून पैज लावतात. रांग दाराबाहेर बेकरीपर्यंत. तरीही काका प्रत्येकाला कारण विचारायचे. त्या वर्षी गर्दीला हातभार लावायला एरिया मॅनेजर स्वतः आली होती आणि दाराशी लोकांना चिठ्ठ्या कशा भरायच्या ते दाखवत होती. शनिवारची पार्टटाइम मुलगी आणि मी एकेका खिडकीवर, काका मधल्या.

शर्यतीला तासभर असताना काकांच्या खिडकीशी ब्रॅकनेलवाला आला. काउंटरवर तो पहिल्यांदाच येत होता. मशीनवर खेळणारे सहसा काउंटरवर येत नाहीत. त्याने चिठ्ठी सरकवली. घोडा चांगल्या नावाजलेल्यांपैकी. रक्कम बघून मी माझ्या गिऱ्हाइकाची मोड द्यायची विसरले.

"का?" काकांनी मराठीत विचारलं.

"काका, आज नको. फक्त घ्या."

"कारण सांग."

मागून डेनिस म्हणाला, फादर, याची पापं जास्त दिसतायत, आम्ही पबात जाऊन येऊ का. रांगेत हशा पिकला. त्यांना मराठी कळत नव्हतं, ते बरं होतं.

"बायको आणि मुलगी गुरुवारी भारतातून येतायत," तो म्हणाला. "फ्लॅट घेतलाय म्हणून सांगितलंय मी. फोटो पाठवलेत. हे डिपॉझिटचं उरलंय तेवढं." मग खाली बघून म्हणाला, "गेलेलं परत आणायचंय. एकदाच. परत कधी नाही खेळणार."

काकांनी चिठ्ठी फटीतून त्याच्याकडे परत ढकलली. "हे कारण नाही."

"मग मी पलीकडे जातो. तिथे कोणी विचारत नाही."

हे खरंच होतं. स्टेशनपासून चर्चपर्यंत आमच्यासारखी आणखी पाच दुकानं होती, एकातही काका नव्हते. तो वळला. काका क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग गळ्यातल्या दोरीतून किल्ल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि खुंटीवरचा कोट घेतला.

"ताई, बघा जरा."

आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, भरल्या रांगेसमोर, खिडकीवर बंदची पाटी लावून आमचे मॅनेजर स्टाफच्या दाराने बाहेर पडले. एरिया मॅनेजर दाराशीच होती. तिने विचारलं, कुठे चाललात. त्यांनी ऐकलं नाही. मंडपात रुसलेल्या जावयाला धरावं तसं त्यांनी ब्रॅकनेलवाल्याला कोपराला धरलं आणि रस्त्याला लागले.

पुढचं मला काकांनी नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, थोडं शेजारच्या दुकानांतल्या लोकांकडून कळलं. आमच्या धंद्यात एक सोय होती. आपल्याला आवरत नाही असं वाटणारा माणूस दुकानात जाऊन स्वतः सांगू शकायचा, की मला इथे खेळू देऊ नका. मग त्याचा फोटो काउंटरच्या आत लावायचे. पण प्रत्येक दुकानात वेगळं जाऊन सांगावं लागायचं. म्हणून बहुतेक जण एका दुकानात सांगून दुसऱ्यात खेळायचे. काकांनी त्याला आधी स्टेशनातल्या फोटोच्या बूथमध्ये बसवलं. पडदा ओढून बाहेर उभे राहिले, पळू नये म्हणून. मग ओले फोटो हातात धरून एकेक दुकान. सगळे मॅनेजर यांना ओळखत होते. नॅशनलच्या दिवशी यांना रस्त्यावर बघून त्यांना वाटलं, कोणी गेलंबिलं की काय.

बोलायचं मात्र त्यानेच, हे काकांनी आधी बजावलं होतं. पहिल्या दुकानात त्याच्या तोंडून शब्द फुटेना. गर्दीत सगळे ढकलत होते, मॅनेजरला वेळ नव्हता.  शेवटी तो म्हणाला, मला आत घेऊ नका. व्हाय, त्या मॅनेजरने नव्हे, काकांनी विचारलं. कारण मी थांबत नाही, तो म्हणाला. काकांनी मान हलवली. शेवटच्या दुकानात त्याने न विचारता सगळं सांगितलं.

मग ते त्याला एका कॅफेत घेऊन गेले. तिथे टीव्ही चालू होता. शर्यत दोघांनी तिथेच बघितली. आणि त्याच्या चिठ्ठीवरचा घोडा जिंकला.

मी काकांना विचारलं, मग काय केलंत? म्हणाले, टोस्ट मागवला. त्याने डोकं टेबलावर ठेवलं होतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, तुम्ही माझं नुकसान केलंत. काका म्हणाले, हो, केलं. आज जिंकला असतास तर संध्याकाळपर्यंत सहाही दुकानं फिरला असतास, आणि गुरुवारी विमानतळावर कोण गेलं असतं? त्याने टोस्ट खाल्ला नाही. काकांनी खाल्ला.

ते परतले तेव्हा दुकान रिकामं झालं होतं. जमिनीवर बोळ्यांचा खच. त्यांनी शेवटचा फोटो आमच्या काउंटरच्या आत चिकटवला, कोट काढला आणि झाडू घेतला. एरिया मॅनेजर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला राग आला होता आणि तो रास्त होता. तिने विचारलं, व्हाय?

दुकानात आम्ही तिघंच होतो. इतकी वर्षं लोकांना हा शब्द विचारणारा माणूस आता काय उत्तर देतो, म्हणून मी बघत होते. एका वाक्यात सांगता आलं असतं. कदाचित तिने समजूनही घेतलं असतं.

"मी विचारतो तेव्हा लोक स्वतःचं सांगतात," काका म्हणाले. "हे माझं नाही."

 मग तिने बॅग उचलली.

हेड ऑफिसला बोलावणं आलं. मी म्हटलं, मी साक्ष देते, सगळं ऐकलंय मी. काकांनी चष्म्यावरून ते शाळेतल्या बाईंसारखं बघितलं. "काचेच्या आतलं काचेच्या आत, ताई." कंपनीने त्याला लवकर निवृत्ती असं नाव दिलं. डेनिसने कार्ड आणलं, त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, बसवाल्याने घोड्याचे दोन कान काढले. भिंतीवरचं घड्याळ मी त्यांना देऊ म्हटलं, तर म्हणाले, नको, ते दुकानाचं आहे.

ब्रॅकनेलवाला मला पुढे एकदा सुपरमार्केटात दिसला. बायको बरोबर, मुलगी ट्रॉलीत बसलेली. फ्लॅट काही मिळाला नव्हता, एका घरातल्या एका खोलीत राहत होते, असं मंडळातून कळलं. त्याने मला ओळखलं आणि मान फिरवून डाळींच्या बाजूला गेला. आभार मानायला हवे होते वगैरे मला वाटत नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही डाळींकडेच गेले असते. इंटरनेटवर तोवर घरबसल्या सगळं खेळता यायला लागलं होतं. तिथे फोटो लावायला भिंत नव्हती. पुढे त्याने काय केलं, मला माहीत नाही.

नवीन मॅनेजर चटपटीत होता. कोणाला काही विचारत नसे. रांग भराभर सरकायची. डेनिस मात्र विचारलं नाही तरी कारण सांगायचाच. तो पोरगा काय करावं न कळून थँक यू म्हणायचा.

आणि त्याच वर्षी पानं गळायला लागली असताना, एका मंगळवारी दुपारी, काका समोरच्या दाराने आत आले. मी त्यांना त्या दाराने आलेलं कधी बघितलं नव्हतं. कोट, टाय, केस नीट विंचरलेले. बाहेरच्या बाजूने चिठ्ठ्या कुठे ठेवतात तेही त्यांना पटकन दिसेना. डेनिसने दाखवलं, आणि मोठ्या इतमामाने त्यांना ते छोटं पेन दिलं. काकांनी उभ्या उभ्या चिठ्ठी भरली आणि माझ्या खिडकीशी आले. फटीतून चिठ्ठी आणि एक पौंडाचं नाणं.

घोड्याचं नाव ओल्ड मस्टर्ड. भाव एकाला शंभर, म्हणजे तो जिंकेल असं कोणालाच वाटत नव्हतं; त्याच्या मालकानेही पैसे लावले नसते.

मी चष्मा लावत नाही, पण नाव मोठ्याने वाचलं आणि त्यांच्याकडे बघितलं.

"का?"

त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मग वाकून, फटीशी तोंड आणून म्हणाले, "सकाळपासून बाहेरच्या काचेतून बघतोय. याचं नाव कोणी घेतच नाहीये. भाव नुसता वाढतोय. एकदा तरी कोणी नाव घ्यायला नको का बिचाऱ्याचं?"

मी मान हलवली आणि पैज घेतली.

शर्यत सुरू झाली. दुकानात मशीनवर चार पाठी, टीव्हीसमोर काका आणि डेनिस. मस्टर्ड सगळ्यांच्या मागे. काका हात मागे बांधून, पंचासारखे उभे. शेवटच्या वळणाला काय झालं कोण जाणे, पुढचे दोघे बाहेर फेकले गेले, आणि तो म्हातारा घोडा कडेने सरकत तिसऱ्या नंबरावर आला. काकांचे हात सुटले.

"चल," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, "चल रे मस्टर्ड." आणि मग असा आवाज त्या टायमधून निघाला की सांगलीला पोचला असता. डेनिस त्यांच्याबरोबर ओरडायला लागला. पूर्वी अशा वेळी वीस माणसं उभी राहिली असती. आता मशीनवरच्या चौघांपैकी एकानेही मान वळवली नाही. तेव्हा मी स्टुलावरून उतरले, काचेला तोंड लावलं आणि ओरडले. नवा मॅनेजर मागच्या खोलीतून काय झालं म्हणून धावत आला.

मस्टर्डचा तिसरा नंबर फार तर चार श्वास टिकला. मग जवळजवळ सगळे त्याच्या पुढे गेले. शेवटून दुसरा आला.

काका भिंतीला टेकून उभे होते. कान लाल झालेले, टाय खांद्यावर गेलेला. डेनिस हसता हसता खोकत होता.

"इतकं असतं होय यात," काका मला म्हणाले. श्वास लागला होता. "बरं झालं, इतकी वर्षं मला माहीत नव्हतं."

मग त्यांनी चिठ्ठीचा बोळा केला, जमिनीवर टाकला आणि निघून गेले. झाडू कुठे ठेवतात ते त्यांना चांगलं माहीत होतं.